शिरेतनं गेलेलं मीठ

आजारी मी नव्हते. आजारी आमचे हे होते. गालाच्या आतल्या अंगाला गाठ आली, तपासली, तर कॅन्सर निघाला. पण दवाखान्यात एक बाई होत्या, त्या ह्यांना सोडून मलाच विचारत बसायच्या. तुम्ही काय खाल्लं, तुम्हाला झोप लागली काय. मला वाटायचं, ही बाई चुकून माझ्याकडं आलीया.

आता ह्यांची लाईट, म्हणजे रेडिएशन, संपल्यावर त्याच बाई म्हणाल्या, अक्का, हे तुमच्या तोंडानं सांगा, दुसऱ्यांना उपयोगी पडेल. मला सहीपुरतं लिहायला येतंय. म्हणून मी बोलतेय आणि आमची सून, स्नेहा, मोबाईलवर लिहून घेतेय. मी बोललेलं सरळ करू नको, असं तिला सांगितलंय. ती मधेच हसतेय, ते काय लिहिणार नाही ती.

मला सगळं कळलंय असं समजून कुणी वाचू नका. निम्मं मला अजून कळलेलं नाही.

*

आम्ही निपाणीकडचे. ह्यांनी जन्मभर तंबाखूच्या वखारीत काम केलं. तंबाखू झाडली, चाळली, पोत्यात भरली आणि उरलेली गालात धरली. पोराला, महेशला, बेंगळुरात नोकरी लागली, त्यानं के. आर. पुरमला घर केलं, आणि आम्हाला घेऊन आला.

निदान झालं त्या दिवशी डॉक्टर महेशबरोबर इंग्लिशमधे बोलले, मग थोडं कन्नडात. कन्नड मला येतंय, पण ते बाजारातलं. कांदा कसा दिला, बस कुठली, एवढंच. डॉक्टरचं कन्नड वेगळं होतं. मी त्यांच्या तोंडाकडं बघत बसले. बाहेर आल्यावर महेश ह्यांना म्हणाला, "बाबा, चहा घेणार काय?" त्यानं बापाला कधी चहा विचारला नव्हता. तिथं मला कळलं.

ह्यांना पण कळलं. हे म्हणाले, "सांगायचं नसेल तर नको सांगूस. पण साखर जरा जास्त घालायला सांग."

"बाबा, तसं काय नाही—"

"आरं, वखारीतला माझा जोडीदार असाच गेला. मला काय नवीन हाय?"

महेश भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. मी रडले नाही. माझ्या डोक्यात एकच आलं, गॅसवर दूध ठेवलंय ते बंद केलं होतं काय. असं का आलं ते मला सांगता येणार नाही.

*

गाठ काढली. मग डॉक्टर म्हणाले, आता लाईट द्यायची. रोज यायचं, शनिवार-रविवार सोडून, आणि मधे खंड पाडायचा नाही. खंड पडला तर केलेलं वाया जातंय. तेवढं मी पक्कं धरलं.

महेशचं ऑफिस सर्जापूर रोडला, सकाळी गेला की दिवस मावळल्यावर येतोय. स्नेहाची पण नोकरी, वर नातवाची शाळा. मग राहिलं कोण? मी. मेट्रोत चढायचं, उतरायचं, ऑटो धरायची, "अण्णा, स्वल्प निधान" म्हणायचं, म्हणजे जरा हळू चालव, कारण खड्डा आला की ह्यांच्या गालात कळ जायची.

आत ह्यांच्या तोंडावर जाळीचा मुखवटा घालून टेबलाला अडकवायचे. मी एकदा दारातनं बघितलं, परत बघितलं नाही. हे बाहेर आले की गालावर जाळीचे चौकोन उठलेले असायचे. हे म्हणायचे, "बघालीस काय? जिलेबीच्या झाऱ्यागत झालंय तोंड." सुरवातीला असं बोलायचे. पुढं पुढं तोंड आतनं सोलून निघालं, मग बोलणं कमी झालं. मीठ तर अजिबात चालंना. आमटीचा एक थेंब लागला तरी डोळ्यांतनं पाणी. नाचणीची आंबील, तीपण अळणी, गाळून द्यायची.

एक दिवस आंबील देताना मला वाटलं, ह्यांच्या तोंडाला मीठ सोसत नाही आणि मी चटणी-भाकरी खातेय. त्याच संध्याकाळी दिवा लावताना मी आमच्या गावच्या लक्ष्मीला सांगितलं, "आई, ह्यांचं तोंड बरं होईस्तोवर मी तोंडात मीठ घालणार नाही."

आमच्याकडं असं सोडतात. महेश लहान असताना तापानं फणफणला, तेव्हा मी भात सोडला होता. ताप उतरला. बोलायचं मात्र कुणाला नसतंय. सांगितलं की फळत नाही.

घरात स्वयंपाक मीच करायची. आमटीत मीठ घालायच्या आधी माझी वाटी बाजूला काढायची. सगळे जेवून गेले की मी बसायची, कोण बघतंय? अळणी भाकरी पहिल्यांदा घशाखाली जाईना. मग जाऊ लागली. मग भूकच जाऊ लागली.

*

लाईटच्या खोलीबाहेर बाकावर बसले होते, तेव्हा त्या बाई आल्या. आशा मॅडम. धारवाडकडच्या, मराठी बोलायच्या, मधे कन्नड घालून.

"अक्का, पेशंटबरोबर तुम्हीच येता काय रोज?"

"होय. त्यांना आत नेलंय."

"मला तुमच्याशीच बोलायचंय. पेशंटला सांभाळणाऱ्या घरच्या माणसांवर आम्ही अभ्यास करतोय. त्यांना कशानं आधार वाटतो, काय मदत केली तर बरं पडतं, हे बघतोय. तुम्ही कशा आहात?"

"रात्री जरा झोपले. आंबील गेली वाटीभर."

"ते झालं त्यांचं. तुमचं?"

"माझं काय? मला काय झालंय?"

मला वाटलं, मला पण काय तरी निघालंय आणि हे लोक सांगत नाहीत. त्या हसल्या. सही घेतली, सगळं समजावून सांगितलं, मला समजलं नाही. एवढं समजलं की बुधवारी एका खोलीत सांभाळणारी माणसं बसणार आणि मधे मधे मॅडम फोन करणार. पण सगळ्यांना नाही. निम्म्यांनाच. कुणाला घ्यायचं ते कॉम्प्युटर ठरवणार. माझ्या शेजारी एक बाई बसायची, तिचा भाऊ आजारी होता, तिला नाही घेतलं. मी मॅडमना विचारलं, "तिचं काय चुकलं?"

"काही नाही चुकलं अक्का. सगळ्यांनाच दिलं तर ह्याचा उपयोग होतो की नाही, हे कळणार कसं?"

मला ते पटलं पण नाही, खोटं पण वाटलं नाही. अजून तसंच हाय.

बुधवारच्या खोलीत श्वास घ्यायला शिकवायचे. नाकानं घ्या, तोंडानं सोडा. मी घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे बोलायला येत नसताना बोलले, "म्हणजे इतकी वर्षं काय करत होतीस?" पण खरं सांगायचं तर त्या खोलीत बरं वाटायचं. तिथं पंखा होता, आणि कुणी मला उठून काय आणायला सांगत नव्हतं.

*

माझ्या डोक्याला काय तरी व्हायला लागलं ते ह्याच दिवसांत.

डोक्यात कापूस भरल्यागत. चालताना पाय कुणाचे तरी वाटायचे. स्नेहाला हाक मारायची तर माझ्या मेलेल्या बहिणीचं नाव यायचं. एकदा मेट्रोतनं उतरलो आणि कुठल्या बाजूला जायचं तेच कळंना. रोजची वाट. हे माझं कोपर धरून उभे, बोलता येईना त्यांना, हातानं दाखवत होते, आणि मी उलटीकडं ओढत होते. दोघं म्हातारे तिथंच गोल फिरलो. गर्दी आमच्याकडं बघत होती.

मला वाटलं, काळजीनं होतंय. वय झालं, होतंय. तहान लागायची, मी पाणी प्यायची. बीपीची गोळी घ्यायची. आणखी पाणी प्यायची.

मग एक दिवस मी ह्यांना भलत्याच मजल्यावर नेऊन बसवलं. कुठलं खातं होतं देव जाणे. आम्ही बसून राहिलो. हे बाही ओढत होते, मी म्हणत होते, "थांबा की ओ, नाव पुकारतील." तिकडं खाली ह्यांचं नाव पुकारून पुकारून थकले आणि महेशला फोन केला. त्या दिवशीची लाईट थोडक्यात वाचली, सगळ्यात शेवटी घेतली.

घरी महेश ओरडला. "आई, रोजचीच जागा! तुला एवढं पण कळत नाही?"

मी ह्यांची वाटी विसळायला घेतली.

"बाबांचं काय झालं असतं? खंड पाडायचा नाही म्हणून तूच सगळ्यांना सांगत असतेस!"

स्नेहा म्हणाली, "हळू बोला. त्या पण दमल्यात."

"दमली असेल तर गावी जाऊ दे. काकू हाय तिथं. मी इकडं बाबांसाठी माणूस लावतो." मग आवाज खाली घेऊन म्हणाला, "मला वाटतंय हिला विसरायचा रोग लागलाय."

हे आतल्या खोलीतनं ऐकत होते. मला एवढंच कळलं की मला गावी पाठवणार. ह्यांच्या तोंडात मी सोडून कुणी चमचा घातला तर हे तोंड उघडत नव्हते, ते ह्याला कोण सांगणार? आणि मी गेले तर देवीला दिलेलं वचन तिकडं बसून पाळू? काय कळंना. मी मनात म्हणाले, आता मीठच नाही, साखर पण सोडते. माझं डोकं असं चाललेलं.

*

पुढच्या बुधवारी खोलीत सगळ्यांना मज्जिगे दिलं. मज्जिगे म्हणजे ताक, मीठ, मिरची, कोथिंबीर घातलेलं. मी नको म्हणाले.

"का अक्का? उन्हातनं आलाय."

"सर्दी हाय."

"परवा फोनवर सांबार नको झालं म्हणालात. आज ताक नको. खाता काय मग?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. एवढंच आठवतंय.

मग मी कॉटवर होते, हाताला सुई होती, वर बाटली लटकत होती. महेश उशाला उभा. एक तरुण डॉक्टर त्याला सांगत होता की माझ्या रक्तातलं मीठ फार कमी झालंय, त्यामुळं डोकं फिरलंय, विसरायचा रोग नाही. महेश खुर्चीवर बसला तो धपकन बसला.

मी म्हणाले, "रक्तात मीठ असतंय?"

"असतं की अज्जी," डॉक्टर म्हणाला. "बीपीच्या गोळीनं पण कमी होतं. पण एवढं? तुम्ही मीठ खात नाही का?"

आशा मॅडम पायाशी उभ्या होत्या. सगळे माझ्याकडं बघत होते. मी सांगितलं तर नवस मोडला. नाही सांगितलं तर खोटं. मी पंख्याकडं बघत राहिले.

तेवढ्यात कोपऱ्यातनं आवाज आला, जड, अर्धा गालात अडकलेला. "सोडलंय हिनं."

हे बसले होते. मला दिसलेच नव्हते.

"काय सोडलंय बाबा?"

"मीठ. तुझ्या तापात भात सोडला होता. तिला काय दुसरं येतंय?"

महेशनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला आधी वाटलं, रागावला.

मी ह्यांना म्हणाले, "तुम्हाला कधी कळलं?"

"आत्ताच. आधी कळलं असतं तर ठेवलं असतं काय?" मग थुंकी गिळून, थांबून थांबून म्हणाले, "तोंड माझं. मला विचारलंस?"

मी बाटलीकडं बघत होते. डॉक्टरला विचारलं, "हे काय पाणी हाय?"

"मिठाचंच पाणी, अज्जी."

आता सांगा. मी देवीला म्हणाले होते, तोंडात मीठ घालणार नाही. हे तर शिरेतनं जात होतं. मी घातलं नव्हतं, मला शुद्ध नव्हती, तोंडातनं तर नव्हतंच. आणि सांगितलं ते ह्यांनी, मी नाही. मग नवस मोडला काय राहिला? मी हे मॅडमना विचारलं. त्यांनी चेष्टा केली नाही. म्हणाल्या, "देवीचं मला कळत नाही अक्का, रक्ताचं थोडं कळतं. पण गावात कुणाला विचारता येईल?"

महेशनं गावी फोन लावला, माझ्या थोरल्या जावेला. तिला कमी ऐकू येतंय. सगळी खोली ऐकत होती.

"मीठ सोड म्हणून देवीनं सांगितलं होतं काय तुला?" ती ओरडली.

"नाही ओ. मीच म्हणाले."

"मग तिला दोष कशाला? पालटून घे! दुसरं काय तर सोड! मीठ सोडून मेलीस तर भावजींना आंबील मी येऊन घालू काय?"

मी फोन ठेवला. हे हसत होते. हसलं की दुखायचं, तरी हसत होते.

*

दोन-तीन दिवस मला ठेवून घेतलं. महेशनं रजा काढली आणि ह्यांची लाईट चुकू दिली नाही. घरी आले. स्नेहानं ताट वाढलं, आमटी, भात, कोशिंबीर. आमटीत मीठ होतं. मी हात धुतला, बसले, आणि घास उचलंना.

शिरेतनं गेलं ते वेगळं. हे मी आपल्या हातानं घालणार होते. उद्या ह्यांच्या तोंडाला काय झालं तर? पालटून घे म्हणणं सोपं हाय. देवीनं पालटून घेतलं काय नाही, ती काय फोनवर येते?

हे समोर आंबिलीची वाटी घेऊन बसले होते. म्हणाले, "जेव."

"जेवते. तुम्ही घ्या आधी."

"ऐक. मी मेलो तर तंबाखूनं मेलो. मिठानं मेलो म्हणून कुणी म्हणायचं नाही. तू तर नाहीच नाही." एवढं बोलून त्यांच्या तोंडातनं रक्त आलं. पुसलं. "जेव."

मी जेवले. चव लागली. चव लागली म्हणून वाईट वाटलं.

आणि पुढच्याच आठवड्यात ह्यांचं तोंड जास्त झालं. आंबील पण जाईना. गालावरची कातडी काळी पडून सुटायला लागली. मी न्हाणीघरात जाऊन उभी राहिले. मनात एकच, खाल्लंस ना मीठ. बघ.

मी मॅडमना फोन केला. मी आपण होऊन केलेला तो पहिला फोन. त्या म्हणाल्या, "अक्का, लाईटच्या शेवटी शेवटी सगळ्यांचंच वाढतं. तुमच्या शेजारी बाकावर बसतात त्या बाईच्या भावाचं बघा. तिनं कुठं काय सोडलं होतं?"

मी दुसऱ्या दिवशी बघितलं. भावाचं तोंड तसंच होतं. पण तिला मी विचारलं नाही, तिनं काय सोडलं होतं काय. मला उत्तर नको होतं.

लाईट संपली. मग हळूहळू, फार हळू, ह्यांचं तोंड भरत आलं. परवा तपासणीला डॉक्टर म्हणाले, आत्ता तरी काय दिसत नाही, परत यायचं. महेश म्हणतोय औषधानं. जाऊ म्हणते लक्ष्मीनं. मी चहातली साखर सोडलीय, डॉक्टरला विचारून. त्यानं होतंय काय, हे मला माहीत नाही. तुमच्या घरी कोण आजारी असेल तर मीठ खा का सोडा, हे मला विचारू नका. डॉक्टरला विचारा, आणि खरं सांगा.

*

त्याच परवाच्या दिवशी बाकावर एक मुलगी होती. पुण्याची, इथं कॉम्प्युटरमधे कामाला. मांडीवर लॅपटॉप, शेजारी आई, डोक्याला रुमाल बांधलेली, डोळे मिटून बसलेली. मुलीचे डोळे खोल गेले होते. मी थर्मासच्या झाकणात कॉफी ओतून तिच्यापुढं धरली.

"नको आजी, थँक यू. मी कॉफी घेत नाही."

"बेंगळुरात राहून?"

"आधी घ्यायचे. खूप घ्यायचे. सोडली."

"कधी सोडलीस?"

तिनं आईकडं बघितलं. मग लॅपटॉपकडं. "आजी, मी असलं काही मानत नाही. ऑनेस्टली. नुसतीच सोडली."

"झोप लागते काय रात्री?"

"रात्री ऑफिसचं काम करते ना. दिवसा इथं."

"आणि जागी कशावर राहतेस, कॉफी नाही तर?"

मी झाकण आमच्या दोघींच्या मधे बाकावर ठेवलं. म्हणाले, "पोरी, ही प्यालीस तर आईला काय होणार नाही, असं मी म्हणत नाही. मला ठाऊक नाही. पण तू इथं आडवी झालीस तर तिला आत कोण नेणार?"

आतनं तिच्या आईचं नाव पुकारलं. तिनं लॅपटॉप मिटला, आईला धरून उठवलं, दोन पावलं गेली. मग आईला भिंतीचा आधार देऊन परत आली, झाकण उचललं आणि उभ्या उभ्या प्याली.

अर्धीच प्याली. अर्धी का ठेवली, मला कळलं नाही.

मी थर्मासचं बूच लावलं आणि ते झाकण तसंच राहू दिलं. आत गेलेली ती अजून बाहेर यायची होती.